कादंबरी वाचताना कानात कोण बोलतंय?

वाचताना लावायचे आवाज इंटरनेटवर शोधून पाहा. आठ-आठ तास पडणारा पाऊस सापडेल. धुमसणारी शेकोटी, रात्रीच्या रेल्वेची खडखड, पडक्या किल्ल्यात घोंघावणारा वारा, रहस्यकथेसाठी एक प्लेलिस्ट आणि प्रेमकथेसाठी दुसरी. हे सगळं लावून कादंबरी वाचणारे भरपूर आहेत. आणि बऱ्याचदा त्यांच्याच घरात दुसरी जमात नांदते, जिचं पान नळ ठिबकला तरी पुढे सरकत नाही.

"गाण्याशिवाय माझं वाचन लागतच नाही" आणि "गाणं लावून वाचतोस म्हणजे तू वाचतच नाहीस" हा या दोघांचा ठरलेला वाद. खरं तर वाद घालायचाच असेल तर आधी विचारावं की त्या आवाजात शब्द आहेत का. बाकी सगळं या प्रश्नाच्या मागून येतं. ते का, हे बघण्याआधी एक खेळ खेळू. खालचा परिच्छेद वाचताना तोंडाने सतत 'ला-ला-ला' म्हणत राहायचं. मोठ्याने. शेजारी कोणी असेल तर लाज सोडून.

थोरल्या भावाने कुणाकडून तरी आणलेली छत्री धाकट्याला दिली, धाकट्याने ती शेजाऱ्याला दिली, शेजाऱ्याने ती थोरल्याने मुळात ज्याच्याकडून आणली होती त्यालाच उसनी दिली, आणि तेवढ्यात पाऊस आल्यावर चौघांपैकी एकजणच कोरडा राहिला. कोण?

## वाचणं म्हणजे ऐकणंच

बहुतेकांना हे वाक्य 'ला-ला-ला' करत दोनदा तरी वाचावं लागतं. (छत्री ज्याची होती तोच कोरडा राहिला.) डोळ्यांना काहीच अडथळा नव्हता. अक्षरं तीच, उजेड तोच. आपण फक्त जिभेला दुसऱ्या कामाला लावलं आणि वाचन अडखळलं. म्हणजे मुकाट्याने वाचतानाही जीभ आतून काहीतरी करत होती.

आपण मनातल्या मनात बोलत असतो. ओठ हलत नाहीत, पण शब्दांचा उच्चार आत उमटतो. मुकाट वाचणाऱ्याच्या ओठांच्या आणि घशाच्या स्नायूंवर संवेदक लावले, तर तिथे बारीक हालचाल नोंदली जाते आणि मजकूर कठीण झाला की ती वाढते. इसवी सन ४०० च्या सुमारास ख्रिस्ती संत ऑगस्टीनने मिलानच्या बिशप अँब्रोजबद्दल एक आठवण लिहून ठेवली आहे. हा माणूस वाचताना डोळे ओळींवरून फिरवतो, पण त्याची वाणी आणि जीभ स्तब्ध असते. ऑगस्टीनला ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटली. तेव्हापासून सोळाशे वर्षं गेली. वाचणाऱ्यांची जीभ गप्प झाली, आतला आवाज काही गप्प झालेला नाही.

कादंबरीत तर तो फारच ठसठशीत असतो. 'ती म्हणाली, "मी येणार नाही"' आणि 'आपण येणार नसल्याचं तिने सांगितलं' ही दोन वाक्यं घ्या. माहिती एकच. पण पहिल्या वाक्यात तिचा आवाज ऐकू येतो. ग्लासगोच्या संशोधकांनी २०११ मध्ये नेमकं हेच मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं. लोक पूर्ण शांततेत, मनात वाचत होते. तरीही अवतरणातले संवाद वाचताना मेंदूचा जो भाग माणसांचे आवाज ऐकण्यासाठी राखलेला असतो, तो जास्त जागा झाला.

तेव्हा कादंबरी वाचणारा माणूस शांत बसलाय असं आपण म्हणतो ते बाहेरून बघून. आत बोलणी चालू आहेत, भांडणं चालू आहेत. त्यात आपण बाहेरून एक गाणं सोडतो.

## दोन सेकंदांची टेप

इथे एकच पारिभाषिक शब्द लागेल: कार्यरत स्मृती. वाचलेल्या, ऐकलेल्या गोष्टीचा अर्थ लागेपर्यंत ती हातात धरून ठेवणारी मेंदूतली तात्पुरती जागा. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिचा आराखडा मांडला. त्यात एक कप्पा फक्त शब्दांच्या आवाजासाठी आहे. तो एखाद्या छोट्या टेपसारखा चालतो. साधारण दोन सेकंदांत जेवढं बोलून होतं तेवढं त्यात मावतं, आणि पुन्हा पुन्हा घोकलं नाही तर पुसलं जातं.

मराठी वाचणाऱ्याला ही टेप जरा जास्तच लागत असावी, असा माझा अंदाज. आपलं क्रियापद शेवटी. 'हातातलं पत्र चुरगाळत, कोणाकडेही न बघता, दाराशी क्षणभर थांबून तो बाहेर' इथपर्यंत आलो तरी गडी गेला की नाही ते कळलेलं नसतं. 'पडला' येईल किंवा 'पडलाच नाही' येईल. तोवर सगळं वाक्य अधांतरी धरून ठेवायचं.

अडचण अशी की या कप्प्याला दार नाही. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. नोटा मोजताना शेजारी कोणी फोन नंबर सांगत असेल तर आपली मोजणी चुकते. आपण ऐकत नसतो, ऐकायचं नसतंच, तरी तो नंबर आत येऊन आपल्या आकड्यांत मिसळतो. हर्बर्ट कोल आणि ॲलन वेल्श यांनी १९७६ मध्ये याची चाचणी घेतली. लोकांनी पडद्यावरची अक्षरं क्रमाने लक्षात ठेवायची आणि कानावर पडणाऱ्या जर्मन वाचनाकडे दुर्लक्ष करायचं. कोणालाही जर्मन येत नव्हतं. तरीही चुका वाढल्या. पुढे १९८२ मध्ये पिएर सलामे आणि बॅडली यांनी दाखवलं की निरर्थक अक्षरांची बडबडसुद्धा असाच घोटाळा करते.

## मग पाऊस का चालतो?

नंतरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. कार्डिफमधल्या डिलन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एकच सूर किंवा एकच अक्षर पुन्हा पुन्हा वाजत राहिलं तर स्मरणाला फारसा धक्का लागत नाही. बदलत जाणारे आवाज मात्र त्रास देतात. कान हा मुळात पहारेकरी आहे. जे जसं होतं तसंच आहे त्याची तो वर्दी देत नाही. नवं काही झालं की देतो. पंखा चालू असल्याचं आपल्याला तो बंद पडल्यावर कळतं.

पावसाचा प्रत्येक थेंब वेगळा, पण हजारो थेंबांची बेरीज सारखीच राहते. त्यात शब्द नाहीत, वळणं नाहीत. गाणं याच्या दुसऱ्या टोकाला. त्यात शब्द आहेत, चाल आहे, कडव्यानंतर ध्रुवपद आहे, आणि चारेक मिनिटांनी सगळंच बदलून नवं गाणं सुरू होतं. तासभर वाचलं तर पहारेकऱ्याला पंधरा वेळा नवा पाहुणा दिसतो. वाद्यसंगीत मधे कुठेतरी. संथ, लांब, एकाच रंगातलं वादन पावसाच्या जवळ जातं. तबल्याची जुगलबंदी गाण्यापेक्षाही जास्त ओढ लावते.

शिवाय वाचनाच्या बाबतीत अर्थही आड येतो. अंक लक्षात ठेवायचे असतील तर अनोळखी भाषाही त्रास देते, पण उतारा समजून घ्यायचा असेल तर समजणारं बोलणं अधिक मारक ठरतं. मेंदू एकाच वेळी पुस्तकातल्या शब्दांचा अर्थ लावतोय आणि गाण्यातल्याही. दोन्हीकडे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे भाषा समजणारी यंत्रणा. २०१८ मध्ये मार्टिन व्हॅसिलेव्ह आणि सहकाऱ्यांनी वाचन आणि आवाज यांवरचे ६५ अभ्यास एकत्र मांडून हिशेब केला. गोंगाट, बोलणं, संगीत या तिन्हींनी वाचलेलं समजण्यात घट होते, असं त्यातून निघालं. घट लहान आहे, पण ठाम आहे. सर्वांत वाईट समजणारं बोलणं. आणि शब्द असलेलं संगीत शब्द नसलेल्यापेक्षा वाईट.

'लहान' हा शब्द विसरू नका. गाणं लावून वाचणारा माणूस काहीच वाचत नाही, असा निष्कर्ष यातून निघत नाही. एखादी ओळ परत वाचावी लागते, एखादा धागा सुटतो, इतकंच. पण चारशे पानांच्या कादंबरीत असे धागे मोजायला बसलात तर बरेच होतील.

## "पण माझ्या आवडीचं गाणं असेल तर?"

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. त्याचं उत्तर वाचकांना आवडत नाही. निक पेरॅम आणि हॅरियट करी यांनी २०१४ मध्ये लोकांना उतारे वाचायला दिले. कधी शांततेत, कधी शब्द नसलेल्या संगीतात, कधी आवडत्या गाण्यांत, कधी नावडत्या. दोन्ही प्रकारच्या गाण्यांत आकलन घसरलं. आवडीने काही वाचवलं नाही.

पाठ असलेल्या गाण्याबद्दल लोक म्हणतात, "ते मला इतकं पाठ आहे की मी ऐकतच नाही." मला हे उलटं वाटतं. पाठ असलेलं गाणं आपण नुसतं ऐकत नाही, आतून म्हणतो. पुढची ओळ येण्याआधीच ती मनातल्या जिभेवर असते. आणि मनातली जीभ तर कादंबरीला हवी आहे. हा मघाचा 'ला-ला-ला'च, फक्त चालीत.

आवाज बारीक केला तर? घुसणाऱ्या शब्दांच्या बाबतीत त्याने वाटतो तितका फरक पडत नाही. शेजारच्या खोलीतली कुजबुज बारीकच असते, तरी कान टवकारतात. वाद्यसंगीताचं मात्र वेगळं आहे. विल्यम थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एकाच वाद्यरचनेचे संथ-जलद आणि हळू-मोठ्याने असे चार प्रकार करून वाचणाऱ्यांना ऐकवले. जलद आणि मोठ्याने वाजणाऱ्या प्रकारात आकलन बिघडलं. तेव्हा वाद्यसंगीत लावणार असाल तर आवाजाची कळ खाली ठेवण्यात अर्थ आहे.

## "शांततेत तर मला अजिबात जमत नाही"

हे खोटं नाही. फक्त 'शांतता' कशाला म्हणायचं ते बघावं लागेल. बहुतेकांच्या वाट्याला जी शांतता येते ती खरी शांतता नसते. त्यात दूरचा हॉर्न असतो, कोणाचा तरी फोन वाजतो, भिंतीपलीकडे अर्धवट ऐकू येणारं भांडण असतं. नीरव पार्श्वभूमीवर असा प्रत्येक आवाज पांढऱ्या कपड्यावरच्या डागासारखा उठून दिसतो.

कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवून पाहिलं की माणूस एक निवडून दुसरं बाजूला सारू शकतो का. सारू शकतो, बऱ्यापैकी. पण १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या बाजूला सारलेल्या बोलण्यात ऐकणाऱ्याचं नाव घातलं, आणि सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. म्हणजे दुर्लक्ष करतानाही आपण थोडं लक्ष ठेवून असतो. घरात कोणी तुमचं नाव घेतलं की पुस्तकातून मान वर होते ती यामुळेच.

अशा वेळी पावसाचा आवाज कामाचा असतो. तो झाकण घालतो. सगळ्या पट्ट्यांतले सूर एकत्र असलेला सलग आवाज बाहेरच्या बोलण्याचे कंगोरे बुजवतो. बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत, आणि शब्द कळले नाहीत की निम्मी भानगड संपते. यासाठी मिळणाऱ्या आवाजांना रंगांची नावं आहेत. व्हाइट नॉइजमध्ये सगळ्या कंपनसंख्यांना सारखी ताकद असते; तो जुन्या टीव्हीवर मुंग्या आल्यावर येणाऱ्या खरखरीसारखा, कानाला तिखट. पिंक नॉइजमध्ये प्रत्येक वरच्या सप्तकाला ताकद ३ डेसिबलने कमी होते. ब्राऊन नॉइजमध्ये ६ डेसिबलने, म्हणून तो दूरच्या धबधब्यासारखा घनगंभीर. ब्राऊन हा इथे तपकिरी नव्हे. द्रवात तरंगणाऱ्या कणांची वेडीवाकडी हालचाल नोंदवणारे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांच्यावरून ते नाव पडलं.

माणसामाणसांतही फरक आहे. ॲड्रियन फर्नहॅम आणि ॲना ब्रॅडली यांच्या १९९७ च्या अभ्यासात संगीताचा त्रास अंतर्मुख लोकांना बहिर्मुखांपेक्षा जास्त झाला. यामागची कल्पना अशी की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, त्यात आवाजाची भर पडली की भांडं उतू जातं. २००७ मध्ये स्वीडिश संशोधकांना आढळलं की लक्ष टिकवण्याचा विकार असलेल्या मुलांची स्मरणाची कामगिरी व्हाइट नॉइजमध्ये सुधारली, आणि इतर मुलांची मात्र घसरली. त्यामुळे एकाने दुसऱ्याचे हेडफोन ओढून काढण्याआधी जरा थांबावं.

## मोझार्टने बुद्धी वाढते ना?

थोडक्यात, नाही. १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये एक पानभर निबंध आला. महाविद्यालयातल्या ३६ विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोझार्टची दोन पियानोंसाठीची रचना ऐकली आणि त्यानंतर आकार जुळवण्यासारख्या कोड्यांत त्यांना जास्त गुण पडले. परिणाम पंधराएक मिनिटांत ओसरला. तेवढ्यावरून १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना अभिजात संगीत वाटण्यासाठी निधी मागितला! पुढे २००१ मध्ये दिसलं की कमाल मोझार्टची नव्हतीच. संगीताने माणूस उत्साही आणि प्रसन्न झाला, एवढंच होतं. आणि मूळ प्रयोगात संगीत कोडी सोडवण्याआधी ऐकवलं होतं, सोडवताना नव्हे. वाचायला बसण्याआधी दोन गाणी ऐका असं कोणी म्हणालं तर माझी हरकत नाही.

कॅफेतल्या गलबल्याचंही तसंच. सुमारे ७० डेसिबलच्या गलबल्यात कल्पकता वाढते असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. पण तिथे लोक नव्या कल्पना सुचवत होते, लिहिलेलं वाचत नव्हते.

## "कादंबरी आहे, परीक्षा नाही"

हा आक्षेप मला सर्वांत पटतो. वरचे बहुतेक अभ्यास उतारे आणि प्रश्नांचे आहेत. कादंबरी आपण प्रश्नांची उत्तरं द्यायला वाचत नाही. आनंदासाठीच्या वाचनावर व्हिक्टर नेल यांनी बरंच काम केलं आणि १९८८ मध्ये ते मांडलं. त्यात एक सुंदर निरीक्षण आहे. वाचकांना जी पानं सर्वाधिक आवडतात ती ते सावकाश वाचतात. मजकूर सोपा असला तरी रेंगाळतात. म्हणजे कादंबरीत आकलनाच्या गुणांपेक्षा तंद्री महत्त्वाची, आणि ती लागायला संगीताची मदत होत असेल तर एखादी ओळ निसटली म्हणून काय बिघडलं?

मदत होतेही. दिवसभराची कटकट डोक्यात घोंघावत असताना पहिली दहा पानं लागत नाहीत. ओळखीचं संथ वादन सुरू झालं की मन बैठक मारतं. रोज तेच लावलं तर ती वाचनाची खूणच होऊन बसते. आठवणीही त्याला चिकटतात. मी एक जाडजूड कादंबरी एकाच बासरीवादनाच्या सोबतीने संपवली होती. आता ती बासरी कुठेही लागली की मला त्यातला पूर आठवतो, ती बुडणारी वाडी आठवते. बासरी म्हणून ती मी कायमची गमावली आहे.

इथेच माझी खरी कुरकुर सुरू होते. संगीत मूड तयार करतं हे खरं, पण कोणाचा मूड? सिनेमात पार्श्वसंगीत दिग्दर्शक ठरवतो. त्याला माहीत असतं की दार उघडल्यावर मागे कोण आहे. आपल्या 'उदास पावसाळी' प्लेलिस्टला पान १८७ वर काय होणार ते माहीत नसतं. लेखकाने एखादं मरण मुद्दाम कोरडं लिहिलेलं असतं. सपाट, दोन वाक्यांत. धक्का त्या कोरडेपणाचा असतो. त्याच्यामागे व्हायोलिन रडत असतील तर आपण रडतो खरे, पण व्हायोलिनमुळे. विनोदाचं तर आणखी नाजूक. विनोद थांबण्यावर उभा असतो, आणि बाहेरचा ठेका आपल्याला थांबू देत नाही. प्रत्येक गद्याला स्वतःची लय असते. दोन लयी एकत्र वाजल्या की जी मोठ्याने वाजते ती जिंकते.

ऐकण्यासाठी नसलेलं संगीत रचायचा प्रयत्न एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने केला होता. तो त्याला 'फर्निचर संगीत' म्हणायचा. खोलीत खुर्ची असते तसं असावं, कोणी लक्ष देऊ नये. १९२० मध्ये पॅरिसमध्ये मध्यंतरात ते वाजवलं, तर लोक गप्प होऊन लक्षपूर्वक ऐकू लागले. साती धावत फिरत होता, बोला, चालत राहा, ऐकू नका म्हणून ओरडत. त्याचा सहकारी संगीतकार दारियस मियोने ही हकिकत लिहून ठेवली आहे. ऐकू नका म्हटलेलं संगीत कानांनी ऐकलंच.

## मग लावायचं काय?

आजूबाजूला बोलणी असतील तर पाऊस किंवा ब्राऊन नॉइज, बोलणी झाकली जातील इतपतच. संगीत हवंच असेल तर शब्दांविना, संथ, लांब. शफल बंद, जाहिराती नसलेलं. मधेच कोणी चपला विकू लागला तर मघाचं सगळं फुकट. गाणी हवीत तर न कळणाऱ्या भाषेतली निदान अर्थाने तरी आड येत नाहीत. हेडफोन घालून तासन् तास वाचणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे; वाचनाला त्याहून बराच कमी आवाज पुरतो.

पुस्तकाप्रमाणेही बदला. ओळखीच्या मालिकेतला सातवा भाग, पुन्हा वाचायला घेतलेली आवडती कादंबरी, पळत सुटणारी थरारकथा गाण्याचा मार सहन करतात. लांब वाक्यांची, बोलीभाषेत लिहिलेली किंवा एकाच घराण्याच्या चार पिढ्यांत सारखीच नावं असलेली कादंबरी करत नाही. पहिली पन्नास पानं शांततेत वाचून, माणसं ओळखीची झाल्यावर काही लावलं तर बरं.

आणि तुमचं संगीत तुम्हाला आड येतंय का, हे कळायला प्रयोगशाळा नको. तासाभराची एक फाईल लावा, ती संपल्यावर पुन्हा सुरू होऊ देऊ नका, आणि वाचत बसा. ती बंद पडल्यावर मधे कायकाय वाजलं हे तुम्हाला सांगता आलं, तर तुम्ही ती ऐकत होतात.